धूर त्यांचा, ड्रॉइंग आमचं

पुरवठादारांना गुण द्यायचे, तळातले गाळायचे, वरचे ठेवायचे आणि दरवर्षी हेच करत राहायचं, की काही वर्षांत आपली पुरवठा साखळी आपोआप हिरवी होते, असं मी मानत होते. नुसतं मानत नव्हते, तसे तक्ते बनवत होते आणि नव्या लोकांना शिकवतही होते. आज माझं ते मत राहिलेलं नाही. तक्ता अजून वापरते, ऑडिटलाही जाते; पण त्यातून काय साधतं आणि काय नाही, याबद्दल मी आता वेगळं बोलते. आमच्याच खात्यातल्या काहींना ते आवडत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

मी पुण्याजवळच्या एका वाहन-सुटेभाग कंपनीत खरेदी खात्यात आहे. आमचे बिडाचे ओतीव भाग मुख्यतः कोल्हापूरहून येतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून वाढलेला तिथला फाउंड्रीचा धंदा आता ट्रॅक्टर, ट्रक, पंप सगळ्यांना बीड पुरवतो. संगणकावर चालणारी मोल्डिंग लाइन असलेल्या फाउंड्र्या तिथे आहेत आणि पत्र्याच्या शेडमध्ये हातानं साचे भरणाऱ्याही आहेत. आमचा तक्ता दोघांना एकच.

पुरवठादार कसा पारखावा, हा विषय जुना आहे. गॅरी डिक्सन या अमेरिकी अभ्यासकानं 1966 मध्ये खरेदी अधिकाऱ्यांना विचारून 23 निकष क्रमानं मांडले. दर्जा पहिला, वेळेवर पुरवठा दुसरा. त्या यादीत हमी आहे, कामगारांशी संबंध आहेत, विक्रेत्याची मनावर पडणारी छापसुद्धा आहे. पर्यावरण नाही. 1996 मध्ये आयएसओ 14001 आलं, मग युरोपातल्या ग्राहकांच्या प्रश्नावल्या आल्या, आणि आमच्यासारख्यांनी त्या यादीला चोविसावा निकष जोडला. तो जोडल्यावर काम झालं, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

त्यात गणिताची भूल होती हे कबूल करते. थॉमस साटी यांची एएचपी नावाची पद्धत आहे. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे, कोणता किती पट महत्त्वाचा ते सांगायचं, त्यातून प्रत्येकाचं वजन काढायचं. उत्तरांत विसंगती किती आहे हेही ती पद्धत सांगते. ते प्रमाण 0.1 च्या आत आलं की चालतं. आमचं यायचं. मग पुरवठादार ‘अ’ला 0.412 आणि ‘ब’ला 0.397, असे तीन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे पडद्यावर दिसले की बैठकीत कोणी तोंड उघडत नसे. ती वजनं वातानुकूलित खोलीतल्या तीन-चार जणांच्या अंदाजातून आली आहेत आणि त्यातला एकही जण कधी फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, धुळीत तासभर उभा राहिलेला नाही, हे आकड्यात दिसत नाही. विसंगती नसणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, एवढी साधी गोष्ट पचायला मला वेळ लागला.

दरम्यान वरून रेटा वाढत गेला. सेबीनं 2021 मध्ये बीआरएसआर या व्यवसायाच्या जबाबदारी व शाश्वततेच्या अहवालाची चौकट आणली आणि 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला. 2023 मध्ये त्यातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांची माहितीही मागायचं ठरलं. पुढे त्या भागाची मुदत सरकली आणि तो ऐच्छिक झाला. पण तोवर मोठ्या कंपन्यांनी खाली प्रश्नावल्या सोडून दिल्या होत्या. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर त्याच सुमारास आला. ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती द्यायची आणि 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष भार. पोलादी नट-बोल्टसुद्धा त्या यादीत आहेत. परिणाम असा, की कोल्हापुरातल्या एकेका फाउंड्रीला चार ग्राहकांच्या चार वेगवेगळ्या प्रश्नावल्या येऊ लागल्या आणि त्या भरून देणारे सल्लागार तयार झाले. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन फाउंड्र्यांकडून मला एकच उत्तर शब्दशः आलेलं आहे, स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट. दोघांनाही पूर्ण गुण द्यावे लागले, कारण प्रश्नाचं उत्तर ‘होय, धोरण आहे’ असं होतं आणि धोरण खरोखरच होतं, भिंतीवर, फ्रेममध्ये.

पूर्वी शाळा तपासायला दिपोटी यायचे म्हणून आदल्या दिवशी वर्ग सारवून ठेवत, तशी ऑडिटच्या दिवशी फाउंड्री असते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी वाटायचं, निदान त्या दिवसापुरता तरी सारवतात ना! पण कागदावर कितपत विसंबायचं याचं उत्तर कराचीत फार आधीच मिळालेलं होतं. तिथल्या बल्दिया भागातला अली एंटरप्रायझेस हा कपड्यांचा कारखाना सप्टेंबर 2012 मध्ये जळाला, 250 हून अधिक कामगार गेले. त्या कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेसह सामाजिक निकषांचं एसए 8000 प्रमाणपत्र काही आठवड्यांपूर्वीच मिळालेलं होतं.

माझं मत मात्र त्या बातमीनं बदललं नाही. ते बदललं एका कंटाळवाण्या हिशेबानं.

आमच्या तक्त्यात विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसला जास्त गुण आणि कोक जाळणाऱ्या क्युपोलाला कमी. का, हे कोणी विचारत नसे. धूर दिसतो म्हणून. एकदा कार्बनचा आकडा काढायची वेळ आली तेव्हा मी पेन घेऊन बसले. क्युपोलात एक टन बीड वितळवायला, बरी भट्टी धरली तर, 120 किलोच्या आसपास कोक लागतो. त्यातला कार्बन जळून साधारण पावणेचारशे किलो कार्बन डायऑक्साइड होतो. इंडक्शनवर त्याच एका टनाला 600 युनिटच्या आसपास वीज लागते. आपल्या देशातल्या विजेचा, केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं तो दर, युनिटमागे सुमारे 0.7 किलो. म्हणजे 420 किलो. ज्याला आम्ही हिरवा म्हणून बक्षीस देत होतो त्याचा आकडा जास्त! शिरोलीचा धूर चंद्रपूर आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रांत गेला होता, एवढंच.

इथे कोणी क्युपोलाची वकिली करतेय असं समजू नये. धूळ, गंधक, भट्टीवर उभ्या माणसाची छाती, या सगळ्यात इंडक्शन कितीतरी चांगली. फाउंड्रीनं सौर वीज घेतली तर तो 420 चा आकडा झरझर खाली येतो; कोकचा येत नाही. शिवाय क्युपोलातही फरक असतो. हवा दोन रांगांतून सोडणारा क्युपोला योग्य मापानं बांधला, तर कोक लक्षणीय वाचतो. ‘टेरी’ संस्थेनं हावड्याच्या फाउंड्र्यांत ते करून दाखवलं आहे. यातलं काहीच आमच्या तक्त्यात नव्हतं. तिथे ‘भट्टीचा प्रकार’ असा एक रकाना होता आणि दोन पर्याय.

मग तो हिशेब पुढे नेला, आणि तिथे खरी पंचाईत झाली. भट्टीत घालतात काय? भंगार, परत आलेले रनर-रायझर (ओतताना भागाला जोडून उरणारं बीड) आणि थोडं पिग आयर्न. पिग आयर्न म्हणजे खनिजापासून झोतभट्टीत केलेलं लोखंड. त्याच्या एका टनामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड आधीच निघून गेलेला असतो. म्हणजे मिश्रणात पिग आयर्नचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं, की टनाला 200 किलोंची भर. भट्टी कोणती यापेक्षा भट्टीत काय पडतं हा प्रश्न मोठा निघाला आणि तो आम्ही एकाही पुरवठादाराला विचारलेला नव्हता. तेच वाळूचं. कोअर आणि साच्यांची सिलिका वाळू सिंधुदुर्गातून येते, कासार्डे भागातून. ती काढताना आणि धुताना तिथल्या ओढ्यांचं, शेतांचं काय होतं, हे आमच्या प्रश्नावलीच्या कक्षेत येतच नाही, कारण आमचा पुरवठादार फाउंड्री. खाणवाला आमच्या पुरवठादाराचा पुरवठादार. फाउंड्री वापरलेली वाळू पुन्हा घेते की आवाराबाहेर टाकते, हे मात्र विचारता आलं असतं.

तिसरा आकडा सर्वांत जवळ होता. रिजेक्शन. भोकं पडलेलं किंवा तडकलेलं कास्टिंग फुकट जात नाही, परत भट्टीत जातं, असं सांगून सगळे समाधान मानतात. पण ते वितळवायला लागलेल्या विजेचं काय? शंभरात आठ नग परत वितळवणारी हिरवी फाउंड्री आणि तीन नग वितळवणारी साधी फाउंड्री, यात निसर्गाचं कमी नुकसान कोण करतं, हे दर्जा खात्याच्या फायलीत आयतं लिहिलेलं होतं. आमच्या तक्त्यात ती फाइल ‘दर्जा’खाली मोजली जायची आणि ‘पर्यावरण’ वेगळ्या रकान्यात, धोरणाच्या फ्रेमसोबत.

इथपर्यंत मला वाटत होतं की तक्ता सुधारला म्हणजे झालं. चांगले प्रश्न घालू, आकडे मागू. तसे मागितलेही. आणि मग ते आकडे घेऊन पुरवठादाराशी बोलायला बसल्यावर संभाषण आमच्याच दिशेनं वळायला लागलं.

एका जुन्या फाउंड्रीचे मालक, सगळे त्यांना आप्पा म्हणतात म्हणून मीही म्हणते, त्यांना मी धूळ ओढणारी बॅग फिल्टरची यंत्रणा का बसवली नाही असं विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, बसवतो की. कोटेशन बी आणून ठेवलंय. तुमची मागची बिलं कवा निघणार तेवढं सांगा, त्याच दिवशी ऑर्डर देतो.” मी परत येऊन पाहिलं. बिलं थकलेली होती, आणि साधीसुधी नव्हे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. ते व्याज मोठ्या ग्राहकाकडे मागणारा फाउंड्रीवाला मी अजून पाहिलेला नाही. मागेल कसा? पुढच्या वर्षीचं शेड्यूल आमच्या हातात. पुढे प्राप्तिकर कायद्यात 43बी (एच) हे कलम आलं, तेव्हापासून वर्षअखेरीस मुदत उलटलेलं बिल थकीत असेल तर तो खर्च पैसे दिल्यावरच वजा मिळतो, त्यामुळे मार्चमध्ये आमचं अकाउंट्स खातं एकदम धर्मनिष्ठ होतं. उरलेले महिने आहेतच.

त्यावर दरवर्षी भावात कपात मागायची. दोन टक्के, तीन टक्के. ‘कॉस्ट डाउन’ म्हणतात. ज्या आठवड्यात मी फाउंड्रीला शाश्वततेची प्रश्नावली पाठवते, त्याच आठवड्यात माझ्या शेजारच्या टेबलावरून तिला भावकपातीचं पत्र जातं. दोन्हींवर सही एकाच साहेबांची.

ड्रॉइंगचं प्रकरण मला जास्त टोचलं. आमच्या एका हाउसिंगच्या ड्रॉइंगमध्ये मशिनिंगसाठी ठेवायची जादा जाडी हातसाच्यांच्या काळातली होती. आज तो भाग नव्या लाइनवर बनतो, त्याला एवढी गरज नाही. म्हणजे आपण जादा बीड वितळवायचं, ट्रकमध्ये घालून दोनशेहून अधिक किलोमीटर आणायचं आणि आमच्या मशीनवर तासून त्याचा चुरा करायचा. फाउंड्रीनं हे सांगितलं का नाही? सांगितलं होतं. मेल उत्तराविना पडून होता; ड्रॉइंग बदलायचं तर चाचण्या, ग्राहकाची मंजुरी, कोण करणार. आणि बहुतेक फाउंड्र्या सांगतच नाहीत, कारण आम्ही कास्टिंग किलोवर घेतो. भाग हलका झाला की त्यांचं बिल हलकं होतं. ज्या धंद्यात वजन कमी करणाऱ्याला तोटा होतो, त्यातल्या फाउंड्रीला आम्ही ‘संसाधनांचा काटकसरीने वापर’ या प्रश्नाला दहापैकी किती गुण द्यायचे ते ठरवत होतो.

शेड्यूलचं थोडक्यात सांगते. महिन्याच्या मध्यात आकडा बदलला की इंडक्शन भट्टीत वितळलेलं बीड नुसतं गरम ठेवून वाट बघावी लागते, आणि शेवटच्या आठवड्यात अर्ध्या रिकाम्या गाड्या रात्री पुण्याकडे पळतात.

मग मला आठवलं की एक बदल मात्र आमच्या डोळ्यांदेखत खरोखर झालेला आहे, आणि तो गुणांनी झालेला नाही. झिंक प्लेटिंगवरचा पिवळा थर. त्यात सहा-संयुजी क्रोमियम असायचं, कर्करोगकारक आणि पाण्यात गेलं तर भयंकर. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या जुन्या वाहनांविषयीच्या निर्देशामुळे जुलै 2007 पासून तिथल्या नव्या गाड्यांत ते बंद झालं. तेव्हा वाहन कंपन्यांनी कोणाला रँकिंग दिलं नाही. त्यांनी ड्रॉइंगवरची ओळ बदलली. त्रि-संयुजी क्रोमियमचा थर हवा, जुना चालणार नाही. सगळ्यांनी एकाच वेळी बदलली, म्हणून न बदलणाऱ्याला दुसरा ग्राहक मिळायची सोय राहिली नाही. भोसरीतल्या प्लेटिंगवाल्यांनी नवी रसायनं घेतली, बाथ बदलले, सुरुवातीला गंजाच्या चाचणीत मार खाल्ला आणि पुढे जमवलं.

याच्या अगदी उलट आमची पद्धत. कमी गुणांच्या पुरवठादाराला काढलं की आमच्या अहवालातला आकडा सुधारतो. ती फाउंड्री बंद होत नाही. ती कमी भावानं कोणा दुसऱ्याचं बीड ओतते, आता कोणी विचारणाराही नाही अशा अवस्थेत. हवेत जाणारा धूर तेवढाच, आमच्या यादीतून तेवढा गेलेला. हे एकदा दिसल्यावर ‘गाळणं’ हा शब्द मला उच्चारवत नाही.

म्हणून पुरवठादारांना सवलत द्यावी असं माझं म्हणणं आहे, असा आरोप माझ्यावर झाला आहे. तसं अजिबात नाही. काही बाबतीत मी पूर्वीपेक्षा कडक झाले आहे. जुन्या तक्त्याचा मोठा दोष म्हणजे त्यात सगळ्याची बेरीज व्हायची. नाल्यात सांडपाणी सोडणारा वेळेवर माल देऊन ते गुण भरून काढू शकायचा. आता प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती, घातक कचरा अधिकृत केंद्राकडे गेल्याच्या पावत्या, फेटलिंगवाल्यांच्या छातीची तपासणी आणि बालकामगार नसणं, याला गुणच नाहीत. आहे किंवा नाही. नसेल तर मुदत, आणि मुदतीनंतर ऑर्डर थांबते. फक्त मंडळाचा अधिकारी आल्यावर पंखा चालू करणारे मालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे काही सहानुभूती नाही. आधी न सांगता, रात्रपाळीला जाणं हा त्यावरचा एकच उपाय मला माहीत आहे.

ती अट पार केलेल्यांची मात्र मी एकमेकांशी तुलना करत नाही. चांगल्या कास्टिंगच्या टनामागे वीज किंवा कोक किती, नवी वाळू किती, मिश्रणात पिग आयर्न किती, रिजेक्शन किती. हे आकडे त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी ताडून बघते. हातसाच्यांची फाउंड्री संगणकी लाइनशी स्पर्धा करू शकत नाही, पण स्वतःची वीज कमी करू शकते. आणि प्रश्नावलीच्या शेवटी एक पान जोडलं आहे, ते आम्ही भरायचं: सरासरी किती दिवसांत पैसे दिले, शेड्यूल किती वेळा बदललं, ड्रॉइंगबाबतच्या किती सूचनांना उत्तर दिलं. ते पान मंजूर करून घ्यायला बराच झगडा झाला. अजूनही ते ग्राहकाला पाठवायच्या अहवालात जात नाही, अंतर्गत फायलीतच राहतं.

किलोचा भाव बदलणं मला जमलेलं नाही. काही भागांना नगावर भाव लावून पाहिला; फाउंड्रीला वाटलं हा कपातीचा नवा डाव आहे, आणि आमचा आजवरचा इतिहास बघता त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. भाग हलका झाल्यावर वाचलेले पैसे निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, असा करार केला तर कदाचित जमेल. आमच्या वित्त विभागाला त्यातलं पहिलं निम्मं पटतं.

माझ्यासारख्या खरेदीत काम करणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पुरवठादाराला ऑडिटची तारीख कळवण्याआधी आपल्याच कार्यालयातून तीन कागद काढा: त्याची थकलेली बिलं, वर्षभरात आपण बदललेली शेड्यूल, आणि त्यानं पाठवलेल्या ज्या सूचनांना आपण उत्तर दिलं नाही त्यांची यादी. ते सोबत घेऊन जा आणि आपल्या प्रश्नावलीच्या आधी टेबलावर ठेवा. कागद मिळत नसतील, तर ऑडिट पुढे ढकला.